तोंडाचा वास

"अक्यूट लिव्हर फेल्युअर," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे यांचं लिव्हर गेल्या काही दिवसांत अचानक बंद पडत आलंय. दारूचा रक्तात मागमूसही नाही."

शेवटचं वाक्य ऐकून मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. दोन तासांपूर्वी मुलुंडच्या या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत "पिऊन आलाय का?" असं विचारल्यावर मीच ठणकावून "हो" म्हटलं होतं. आणि आदल्या दुपारी त्याला मारलं होतं तेही मीच.

सुहास माझा धाकटा भाऊ, वय छत्तीस. आईबाबा गेल्यापासून कांजूरमार्गच्या घरात आम्ही दोघंच. एके काळी तो बेदम प्यायचा. तीन वर्षांपूर्वी गावच्या देवळात गाऱ्हाणं घालून त्याने सोडली. माझा देवावर विश्वास होता, भावावर नव्हता. म्हणून रोज घरी आला की तो दारात थांबायचा आणि तोंड उघडून माझ्यापुढे श्वास सोडायचा. मी वास घ्यायचे, मगच आत घ्यायचे. त्याने कधी कुरकुर केली नाही, आणि मलाही त्यात काही वाटलं नाही.

त्या आठवड्यात त्याला ताप आला. नाक्यावरच्या डॉक्टरांनी तापाची गोळी दिली. कंपनीच्या दवाखान्यातून अंगदुखीची मिळाली. सर्दीची एक मी घरच्या डब्यातून जोडली. तो काही खात नव्हता, खाल्लेलं ओकत होता, तरी मी मोबाइलवर गजर लावून एकही गोळी चुकू दिली नाही. पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून तो दाढी करायला खाली गेला. परत आला तो एकाच पायात चप्पल, झोकांड्या, जीभ जड. दारात सवयीने तोंड उघडलं आणि गोडसर, कुजकट भपकारा आला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खाडकन कानाखाली लावली. तो भिंतीवर आपटला.

"ताय, मी पिऊक नाय."

दुसरी लावली.

"पिऊक नाय गो, ताय."

मग लाटणं घेतलं. पाठीत, दंडावर, माझा हात भरून येईपर्यंत मारलं. माझ्याहून हातभर उंच माणूस, पण त्याने माझं मनगटसुद्धा धरलं नाही. आतल्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली. सकाळपर्यंत उतरेल, असं स्वतःशीच म्हणाले आणि भात लावला.

सकाळी कडी काढली तेव्हा खोलीच्या कोपऱ्यात लघवीचं थारोळं होतं. त्याचे डोळे पिवळेधम्मक होते आणि त्यांत माझी ओळख नव्हती. त्याने माझे केस धरले आणि डोकं खिडकीच्या ग्रिलवर आपटलं. पुन्हा आपटलं. भुवई फुटून रक्त डोळ्यात गेलं. शेजारचे परबकाका आणि त्यांचा जावई धावून आले म्हणून मी सुटले. त्यांनीच त्याला चादरीत गुंडाळून रिक्षात कोंबलं. मी वाटभर त्याला शिव्या देत होते.

कॅज्युअल्टीत त्याने सलाइन उपटलं, नर्सच्या मनगटाला चावला. चौघांनी दाबून धरून त्याचे हातपाय बेडला बांधले. दारुडा म्हणून सगळेच वैतागले होते. एकट्या या डॉक्टर त्याच्या गालाकडे बघत राहिल्या. माझी पाच बोटं तिथे उमटली होती खरी, पण आता ती वेगळी दिसत नव्हती. कानापासून गळ्यापर्यंत सगळं काळंजांभळं पसरलं होतं.

"कोणी मारलं?"

"मी."

"कशाने?"

"गालावर हाताने."

"नुसत्या हाताने एवढं होत नाही," म्हणत त्यांनी त्याचा ओठ वर केला. हिरड्यांतून रक्त झिरपत होतं. त्यांनी लगेच आयएनआर करायला पाठवला. रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते या तपासणीत कळतं. रक्त गोठवणारे घटक लिव्हर तयार करतं. ते थांबलं की एका चापटीचाही डाग पसरत जातो.

बाकीचंही त्यांनीच समजावलं. लिव्हर चालेनासं झालं की पोटात तयार होणारा अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. त्याला हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. माणूस बरळतो, तोल जातो, अंगावर धावून येतो आणि शेवटी बेशुद्ध होतो. श्वासालाही तसाच गोडसर वास येतो. म्हणजे मी ज्याला दारू समजले, तो आजार होता.

घरातली सगळी औषधं आणायला सांगितली. तिन्ही पट्ट्या टेबलावर ठेवल्या तेव्हा डॉक्टरांनी बारीक अक्षरांवर एकेक करून बोट ठेवलं. तिन्हींत पॅरासिटामॉल. "नावं वेगळी, औषध तेच. त्यात पोट रिकामं." काविळीचे विषाणू, उंदराचं विष, काही झाडपाल्याची औषधं यांनीही असंच होतं, पण तपासण्यांत त्यातलं काहीच निघालं नव्हतं. माझ्या भावाला मी गजर लावून विष पाजलं होतं.

अॅसिटिलसिस्टीन नावाचं, लिव्हरला या विषापासून वाचवणारं औषध शिरेतून सुरू झालं. अमोनिया पोटातून निघून जावा म्हणून लॅक्टुलोज. मेंदूला सूज येऊ लागली तेव्हा व्हेंटिलेटर. लिव्हर बदलावं लागेल कदाचित, असंही सांगितलं. माझा रक्तगट जुळत होता. "आत्ताच कापा," मी म्हटलं. "दोन दिवस वाट बघू," डॉक्टर म्हणाल्या. ते दोन दिवस मी आयसीयूबाहेरच्या बाकावर काढले आणि माझ्या कानात एकच वाक्य होतं, "पिऊक नाय गो, ताय."

तिसऱ्या दिवशी आयएनआर उतरू लागला. त्याचं लिव्हर स्वतःच सावरलं. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही, कारण माझ्यासारखं त्यांनी आधीच ठरवून टाकलं नव्हतं.

तुमच्या घरी कुणी कधी पीत असेल, तर एवढंच सांगते. तो झोकांड्या खायला लागला तर आधी डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झालाय का बघा आणि त्याला हॉस्पिटलात न्या. राग नंतर काढता येतो. आणि दुसरी गोळी देण्याआधी पट्टीवरची बारीक अक्षरं वाचा.

त्याला त्यातलं काहीच आठवत नाही. वॉर्डात माझ्या भुवईचे टाके बघून त्याने विचारलं, "ह्या मी केलंय?"

"हो. दोनदा आपटलंस."

"आणि तू माका किती मारलंस?"

"मोजले नाहीत रे," मी म्हटलं आणि तेव्हा पहिल्यांदा रडले.

अठराव्या दिवशी घरी आलो. मी पुढे होऊन कुलूप काढलं, आत गेले, वळून बघितलं. तो दारातच थांबला होता. गालावरचा डाग पिवळट झाला होता, अंगावर कपडे लोंबत होते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

मी बाजूला झाले. "मिट ते," म्हटलं. "आत ये."