पेशंटचं नाव झाका

चार वर्षं झाली, दर सहा महिन्यांनी मी आईला हृदयाच्या सोनोग्राफीसाठी एका डॉक्टरांकडे नेतो. दर वेळी मला त्यांचा राग येतो. ते सरकारी रुग्णालयात हृदयाचे डॉक्टर आहेत आणि शिकवतातही. थंड जेली आधी तळहातावर कोमट करतात, "मावशी, डाव्या कुशीवर व्हा," म्हणतात आणि मशीनच्या पडद्याभोवती पाच-सहा विद्यार्थी गोळा करतात.

"गरिबाची छाती म्हणजे तुमचा फळा का?" मी एकदा भांडलोच.

"मीबी अशाच फळ्यावर शिकलो," ते म्हणाले.

आई म्हणाली, "शिकू दे की रे पोरांना. तुझं काय जातंय?"

या मंगळवारी खुलताबादच्या एका विद्यार्थिनीनं पडद्यावर दिसणाऱ्या हृदयाच्या झडपेवर बोट ठेवलं. "सर, ये झडप देखिए. मागच्या वेळीही अशीच असेल का?"

त्यांनी जुनं चित्र शेजारी लावलं. तीनदा मोजलं.

"मावशी, तुमची झडप तवाच आकसायला लागली होती. मला दिसलं नाय. आता ऑपरेशन लागंल, लई थांबता यायचं नाय."

मग त्या मुलीला म्हणाले, "ही दोन्ही चित्रं वर्गात दाखव. पेशंटचं नाव झाक. तपासणाऱ्याचं राहू दे."

तक्रारीचे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. तेवढ्यात आई पदर सावरत त्यांना म्हणाली, "ऑपरेशनच्या वेळीबी तुम्हीच बघा. आता नाय चुकायचे तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिच्या भरवशाची आम्हा दोघांनाही भीती वाटली.