माझी शर्यत आणि पुतणीची लग्नपत्रिका

कॉम्प्युटरवर मोटार पळवण्याच्या खेळात मी माझ्या साडूकडून सलग अकरा वेळा हरलो आहे. भास्करराव लातूरला, मी नांदेडला. दोघांचीही पन्नाशी उलटलेली. त्यांची गाडी सुसाट, माझी मात्र दर वळणाला म्हशी आडव्या आल्यासारखी थबकायची!

बाराव्या शर्यतीआधी त्यांचा फोन आला. "साडूभाऊ, तुमच्या कॉम्प्युटरमधी मागं लई पोग्राम चालून राहिले. गाडीला ताकद कुठून भेटंल? टास्क मॅनेजर उघडा अन् बिनकामाचे बंद करा."

बायको मीनाक्षी कॉम्प्युटरसमोरून चहा ठेवायला उठली आणि मी तिच्या खुर्चीचा ताबा घेतला. टास्क मॅनेजर उघडला तर काय, साक्षात हजेरीपट! नाव, आणि पुढं कोण किती टक्के काम करतो ते. मी वीस वर्षं ऑफिसात हजेरीपट सांभाळला (आणि एका शिपायालाही कधी काढू शकलो नाही!). शून्य टक्केवाला दिसला की 'एंड टास्क'. ना नोटीस, ना चौकशी, ना युनियन! असे सात जण घरी पाठवले. मग गाडी काय पळाली! तिसऱ्या वळणावर मी भास्कररावांना मागं टाकलं. जिंकलो! तेवढ्यात मीनाक्षी चहा घेऊन आली.

"अहो, माझी पत्रिका कुठं गेली?"

"कसली पत्रिका?"

"शीतलच्या लग्नाची! खाली बारीक करून ठेवली होती न्हवं?"

शीतल म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. पत्रिका लिहायचं काम मीनाक्षीनं हौसेनं अंगावर घेतलं होतं आणि छापखानेवाल्याला ती पाच वाजेपर्यंत हवी होती. चार वाजून गेले होते. आमच्याकडं पत्रिकेत एकवेळ मुहूर्त चुकला तर चालतो, नाव सुटलेलं चालत नाही. मागच्या लग्नात जळकोटच्या मामांचं नाव राहिलं, ते अजून आमच्या घरचं पाणी पीत नाहीत! म्हणून तिनं तीन दिवस फोन करकरून सगळी नावं मानपानाच्या क्रमानं बसवली होती.

"सेव्ह केली होतीस ना?"

"सेव्ह कशाला? मी बंदच करत नव्हते! बंद केली की कुठं जाती, मला सापडत न्हाई."

शून्य टक्केवाल्यांतला एक हाच!

"तुम्ही काय केलं?"

"गाडीला... जरा वाट करून दिली."

तिनं कप आपटला. डोळ्यांत पाणी. "आता मामांना काय सांगू? तुमचं नाव ह्यांच्या गाडीखाली आलं म्हणून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भास्कररावांना फोन लावला.

"जिंकले की हो साडूभाऊ!"

"आग लावा त्या जिंकण्याला! पत्रिका गेली!"

"घाबरू नका. तोच पोग्राम पुन्हा उघडा. कधीकधी तो आपणहून जपून ठेवतो."

उघडला. डावीकडं एक ओळ आली. ती दाबली आणि अख्खी पत्रिका, गणपतीसकट, समोर! मी कॉम्प्युटरला चक्क हात जोडले.

मग घाईघाईनं तपासणी. "जळकोटचे मामा?" "हायेत." "लोह्याची आत्या?" "हाय." "हिमायतनगरचे व्याही?" "हायेत, बंधूंसकट!" पाचला पाच कमी असताना फाईल गेली आणि आमचा जीव भांड्यात पडला.

आठवड्यानं पत्रिका छापून आल्या, वाटल्या. जळकोटच्या मामांनी स्वतः फोन करून नाव पोचल्याचं कळवलं. कुणी म्हणजे कुणी रुसलं नाही! मीनाक्षी खुशीत पत्रिका वाचत बसली आणि मधेच थांबली.

"अहो, तुमचं नाव कुठंय?"

वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. नव्हतं.

"तुमचं मी सगळ्यात शेवटी टाकलं होतं, घरचंच माणूस म्हणून," ती हळूच म्हणाली. "टाकलं अन् चहाला उठले." कॉम्प्युटरनं त्याच्या अलीकडचंच जपलं होतं.

सख्ख्या पुतणीच्या पत्रिकेत सख्ख्या काकाचं नाव नाही! एवढ्यावर आमच्याकडं माणसं भरल्या मांडवातून उठून जातात. अख्ख्या गोतावळ्यात रुसायचा हक्क एकट्या माझाच होता, आणि रुसायला तोंड नव्हतं तेही माझंच!