शंभर सापळे आणि एक जिनिंग

वणीकडच्या आमच्या शेतकरी सोसायटीच्या अध्यक्षांनी मला फसवलं. माझी योजना बरीचशी मोडली आणि उरलेली स्वतःच्या नावावर छापली.

मी हवाई दलात मेकॅनिक होतो. शेवटची तीन वर्षं ऑफिसर लोकांच्या क्लासमध्ये प्रोजेक्टर चालवला, म्हणून लेक्चर्स फुकटात ऐकली. विमानं नवीन होती तेव्हाच काही लोकांनी लिहून ठेवलं होतं : शत्रूचं विमान आकाशात शोधत फिरू नका, त्याच्या तळावरच मोडा. आपली विमानं प्रत्येक पलटणीला दोन-दोन वाटू नका, एका हाताखाली ठेवा. त्यांचं सगळंच खरं ठरलं नाही. नुसत्या बॉम्बनी देश शरण येतील म्हणाले होते, ते आले नाहीत. पण दुसऱ्या महायुद्धात, आफ्रिकेत, दोस्त राष्ट्रांची अशी वाटलेली विमानं मार खात होती. ती एका कमांडखाली आली आणि लढाई फिरली.

रिटायर होऊन मी कृषी केंद्र टाकलं. गुलाबी बोंडअळीची वर्षं होती. अळी बोंडाच्या आत, फवारा बाहेर. मी तिचा तळ शोधला. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी काढतात. त्या सरकीच्या ढिगात अळी उन्हाळा काढते आणि पतंग होऊन शेतात उडते. सोसायटीकडे चारशे कामगंध सापळे आले होते. त्यात मादीच्या वासाची गोळी असते, नर पतंग येऊन अडकतो.

मी अध्यक्षांना म्हटलं, "भाऊसाहेब, सगळे आपल्या तीन जिनिंगच्या भोवती लावा."

"अन् गावायले काय सांगू? आमसभेत लोक मले फाडून खातीन."

"वाटून टाकले त एकही कामाचा नाही राहत."

"फौजी, तू मले लढाई शिकवून राह्यला काय?"

"हो, शिकवून राह्यलो!" मी टेबलावर हात आपटला.

चारशेपासून घासाघीस सुरू केली. शेवटी एका जिनिंगपुरते शंभर मिळाले. अट एकच, सोसायटीच्या अहवालात माझं नाव. अध्यक्षांनी मान डोलावली.

बाकीचे अध्यक्षांच्या सहीने गावोगाव गेले, मोजून सारखे. एका गावात सापळा ग्रामपंचायतीच्या दारावर टांगलेला. सरपंच म्हणाले, "लोकायले दिसला पाह्यजे ना!"

मी माझे शंभर रोज सकाळी स्वतः रिकामे करायचो. पतंग मूठमूठ निघायचे. दिवाळीत त्या जिनिंगभोवतीच्या चार गावांत बोंडं पांढरीशुभ्र फुटली. बाकी दोन जिनिंगभोवती नुसती कवडी, म्हणजे डागाळलेला, चिकटलेला कापूस. शंभरांनी केलं ते तीनशेंना जमलं नाही. मला यात नवल वाटलं नाही.

मग अहवाल आला : 'अध्यक्षांच्या दूरदृष्टीतून जिनिंग प्रयोग यशस्वी.'

"भाऊसाहेब, माझं नाव?"

"छापतानी राहून गेलं असन."

"अन् हे तीनशे सापळे? त्यायच्याबद्दल एक शब्द नाही अहवालात. तेही छापतानीच राहून गेले?"

ते फोन कानाला लावून उठले.

धडा साधा आहे. सगळ्यांना थोडं-थोडं दिलं की वाटणाऱ्याची खुर्ची वाचते, पीक वाचत नाही. माझ्या नावाचं मी बघून घेईन. पण त्या दोन जिनिंगभोवतीच्या शेतांत कवडी कोणाच्या सहीने निघाली, ते अध्यक्षांनी तिथल्या बांधावर येऊन सांगावं.