फत्तेमावशी

पातेल्याच्या झाकणावर चमचा आपटल्याचा आवाज आला, की नाशिकरोडच्या आमच्या बैठ्या घरांच्या ओळीतली माणसं हातातलं काम तसंच धरून दारात यायची. शेजारची मावशी पदर खोचून ओट्यावर उभी असायची आणि जाहीर करायची, "ऐका हो, फत्ते! आज एका काडीत स्टोव्ह पेटला!" कधी दूध उतू गेलेलं नसायचं. कधी दोन्ही थोरल्या पोरांचे चारच्या चार बूट एकाच वेळी सापडलेले असायचे. तिचं खरं नाव निर्मला, पण ते रेशनकार्डापुरतंच उरलं होतं. आम्हां पोरांची ती फत्तेमावशी.

सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी चौथीत होते. मावशीचे यजमान मनमाडला रेल्वेत. सुट्टीच्या दिवशी यायचे, दारातूनच माझ्या बाबांना "जयभीम, दादा" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं परत जायचे. बाकीचे सहा दिवस राजू, मीना आणि दीड वर्षाची छकुली ही तीन पोरं, नळाचं पाणी, डबे आणि शहरातल्या एका सरकारी कचेरीतली कारकुनाची नोकरी, सगळं मावशीच्या एकटीच्या अंगावर. सकाळी साडेनऊच्या बससाठी ती पळत सुटायची तेव्हा तिची अर्धी वेणी घातलेली असायची आणि अर्धी बसमध्ये घालायची असायची. त्यातूनही बस मिळाली की खिडकीतून हात काढून आमच्या दिशेनं मूठ हलवायची. म्हणजे फत्ते.

फत्ते एकट्यानं साजरी करायची नाही, हा तिचा नियम. "गुपचूप जिंकून काय करायचं? कुणाला तरी सांगितलंच पाहिजे," असं ती म्हणायची. ऐकायला येणाऱ्याच्या तळहातावर डालड्याच्या डब्यातला चमचाभर चिवडा पडायचा. त्यामुळे तिच्या विजयांवर आमचा फार जीव होता. छकुलीनं औषध थुंकलं नाही, या फत्तेला मी अर्धा वर्ग गोळा करून नेला होता.

एकदा ती रॉकेलच्या रांगेतून रिकामा डबा घेऊन आली. दोन तास उभी राहिली आणि तिच्या पुढच्या बाईपाशी रॉकेल संपलं. तरी झाकण वाजलं! मी विचारलं, "मावशी, रॉकेल तर मिळालं नाही ना?"

"नाय मिळालं. पण त्या पुढच्या बाईशी मी भांडले नाही. तोंडापर्यंत आलेलं गिळलं बघ. लय मोठी फत्ते हाय ही!" आनंद अनावर झाला की तिच्या बोलण्यात तिचं गाव असं बाहेर यायचं.

माझ्या आईला हे सगळं पोरकट वाटायचं. आई घरी ब्लाउज शिवायची आणि दिवसभर छकुलीला सांभाळायची. कमी बोलायची, हसायची त्याहून कमी. "एवढ्याशा गोष्टीचा काय तो गाजावाजा," म्हणत मशीनचं चाक फिरवायची. एका संध्याकाळी मावशी छकुलीला न्यायला आली, तर आई एका ब्लाउजकडे नुसती बघत बसलेली. गिऱ्हाइकानं कापड इतकं कमी आणलं होतं की बिनबाह्यांचा शिवावा लागणार होता, आणि गिऱ्हाईक म्हणजे सत्तरीच्या आजी. आईनं तुकड्याला तुकडा जोडून कोपरापर्यंत बाह्या काढल्या होत्या, त्याही जोड न दिसता. मावशीनं ब्लाउज उलटापालटा करून पाहिला आणि आईचा दंडच धरला. "वहिनी, चला बाहेर."

"अहो, नको हो, काहीतरीच काय..."

"चला म्हणते ना!"

आई ओट्यावर गेली, कानापर्यंत लाल झाली, आणि जमिनीकडे बघत कशीबशी म्हणाली, "बाह्या निघाल्या." सगळ्या ओळीनं टाळ्या वाजवल्या. आई तोंडावर पदर धरून आत पळाली ती कपाटाला टेकून हसत राहिली.

पण मावशीच्या जिवाला एक घोर होता. तिची नोकरी कच्ची होती. मराठी टायपिंगची परीक्षा पास झाली तरच पक्की होणार, आणि परीक्षेला तीनदाच बसता येणार. दोनदा ती नापास झाली होती. घरात टाइपरायटर कुठला? एका पुठ्ठ्यावर तिनं सगळी अक्षरं काढली होती. एकीकडे भात शिजायचा, दुसरीकडे तिची बोटं पुठ्ठ्यावर टकटक नाचायची, आणि मीना समोर बसून पुस्तकातला धडा वाचून दाखवायची.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी नेमक्या छकुलीला कांजिण्या. अंगभर फोड, ताप, आणि पोर मावशीला सोडेना. यजमानांना रजा नव्हती. माझ्या आईनं शिवण थांबवून मशीन कापडानं झाकलं. दिवाळीतसुद्धा ती हे करत नसे. छकुलीला कडेवर घेऊन म्हणाली, "निघा तुम्ही. माझ्या पोरीला येऊन गेल्यात कांजिण्या, आम्हाला भीती नाही."

या रडारडीत बस चुकली. बाबांची दुपारपाळी होती, ते अंगणात दाढी करत होते. एका गालावर साबण तसाच ठेवून त्यांनी सायकल काढली. मावशी कॅरिअरवर बसली, पुठ्ठा मांडीवर, आणि दोघं निघाली. वाटेत चेन दोनदा पडली. दुसऱ्यांदा मावशीनंच ती खाली वाकून चढवली आणि परीक्षेच्या खोलीत काळ्या हातांनी शिरली. साबण बाबांच्या गालावर वाळून गेला होता.

ती परत आली तेव्हा आम्ही दारात वाट पाहत होतो. "कसा गेला पेपर?" आईनं विचारलं. "शेवटची ओळ राहिली," एवढंच बोलून तिनं छकुलीला घेतलं आणि दार लावलं. त्यानंतर झाकण वाजेना. स्टोव्ह पेटत होता, बूट सापडत होते, बससुद्धा मिळत होती, पण मावशी मान खाली घालून जायची. महिना गेला. आमच्या घरांची ओळ मुकी झाली.

एका रविवारी सकाळी झाकण वाजलं. आम्ही धावत बाहेर आलो. आमच्याच ओट्यावर आमचंच झाकण घेऊन आई उभी होती! "ऐका हो," ती म्हणाली, "निर्मलाताईंच्या छकुलीनं आज अख्खी पोळी खाल्ली!"

केस मोकळे सोडलेली मावशी दारात आली. "वहिनी, अर्धीच खाल्ली हो," म्हणाली, आणि हसत हसत तिथेच उंबऱ्यावर बसली. हसता हसता रडली, रडता रडता पुन्हा हसली.

पंधरवड्यानं निकाल लागला. मावशी कोपऱ्यापासूनच पळत आली. घरापर्यंत जायलाही तिला धीर नव्हता. आमच्याच खिडकीच्या गजांवर जेवणाचा डबा बडवत ओरडली, "पास! वहिनी, पास! दादा, पास!" बाबांना तर तिनं वाकून नमस्कारच केला, आणि ते इतके गांगरले की त्यांनीही उलट तिला नमस्कार केला. त्या दिवशी डालड्याचा डबा उपडा झाला.

नोकरी पक्की झाली ती लांबच्या देवळा गावी. महिन्याभरात जायचं होतं. सामान यजमान आधीच ट्रकनं घेऊन गेले होते. आई आणि मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. बस खच्चून भरलेली. राजूला खिडकीतून आत ढकलून जागा धरली, मग बाकीची मंडळी चढली. बस सुटली तसं मावशीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. नेहमी सगळ्यांना हसवणाऱ्या तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती पाहिली. "वहिनी, तिकडं शेजारी कोण असतील हो?"

आमची आई, जी कधी रस्त्यात मोठ्यानं बोलली नव्हती, ती बसबरोबर धावत सुटली आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली, "कोणी का असेनात! पहिल्या दिवशी तुम्हीच त्यांचं दार वाजवा!"

बस वळली. आई धापा टाकत उभी राहिली, विस्कटलेला पदर सारखा केला. मग माझा हात धरून ती उसाच्या रसाच्या गाडीपाशी गेली. मला वाटलं, माझी समजूत घालायला घेतेय.

"दोन द्या," आई म्हणाली, "आणि माझ्यात बर्फ जास्त घाला. आज भर स्टँडवर ओरडले मी. फत्ते!"