हरकाऱ्याच्या पोटातलं पाणी

बाकावर तो कधी बसला नाही. दवाखान्याच्या दारात उभा राहायचा, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत, आणि म्हणायचा, "उरका साहेब. थैली वाट बघायलीय."

निजामाच्या राज्यात बीडच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि तो टपालाचा हरकारा. नांदूरघाटाच्या रस्त्यावरची पहिली मजल त्याची. थैली खांद्यावर टाकून ती तो पळत काढायचा. तुम्ही त्याला तेव्हा पाहिलं असतं, तर आधी त्याचे पायच नजरेत भरले असते. पुढं त्या पायांच्या काड्या झाल्या आणि पोट मात्र वाढत गेलं.

"वारा धरलाय," तो म्हणाला. "एखादी पुडी द्या."

डॉक्टरसाहेब हैदराबादचे. त्यांनी त्याला उताणं निजवलं आणि माझ्या हाताची कड त्याच्या पोटावर मधोमध दाबून धरायला लावली. मग एका कुशीवर आपला तळवा ठेवून दुसऱ्या कुशीवर टिचकी मारली. माझ्या हाताखालून एक लाट सरकत पलीकडे गेली. वाऱ्याची अशी लाट होत नाही. ते पाणी होतं. जलोदर.

खुर्चीत बसवून साहेबांनी त्याच्या बेंबीखाली नळी घातली. पोटाला रुंद पट्टा बांधला होता, पाणी उतरेल तसा तो मी आवळत होतो. हे काम सावकाश करावं लागतं. याची मात्र सारखी चुळबुळ. नळी काढली, आता तासभर पडून राहा म्हणून सांगितलं, तर हा उठलाच.

"हलकं झालं. जातो."

दुसऱ्या पावलालाच डोळे फिरले आणि तो माझ्या अंगावर कोसळला. शुद्धीवर आला तसा थैली शोधू लागला.

महिन्याभरानं आला तेव्हा पोट पुन्हा तुडुंब, आणि ओठ फुटलेले.

"दिसाला दोनच घोट पितो," तो म्हणाला. "कपिलधारच्या धबधब्याचं गार पाणी लई पेलो आजवर, तेच साठलं असंल. पण आता भरलं कावून?"

साहेब उर्दूत बोलले, मी त्याला सांगितलं, "हे प्यालेलं पाणी न्हाई. तुझं जिगर, म्हंजी यकृत, कडक झालंय, म्हणून रक्तातलं पाणी पोटात झिरपतंय. मीठ सोड, दूध घे, पळणं थांबव. तहान लागली तर पाणी पी."

"मीठ सोडतो," तो म्हणाला. तिथंच उभ्यानं दोन तांबे पाणी प्याला आणि गेला.

पोटातलं पाणी काढायची पाळी लवकर लवकर येऊ लागली. महिन्याचे वीस दिवस झाले, विसाचे बारा. टपालवाल्यांनी थैली दुसऱ्या हरकाऱ्याला दिली. तरी हा त्याच्यापुढं धापा टाकत चालायचा. कुठल्या वस्तीवरची कुत्री अंगावर येतात, ओढा कुठून ओलांडायचा, दाखवायला.

मी रागावलो. "कावून जातोस बे? घरी पड की."

"घरी पडलं की समोर पोटच दिसतंय," तो म्हणाला.

मग तो आलाच नाही. पंधरा दिवसांनी त्याची बायको आली. कपाळ पाहूनच मला कळलं. पायरीखाली उभी राहून तिनं विचारलं, "शेवटचे दोन दिस पाणी पाणी करत होते. पोट आणिक फुगंल म्हून मी तांब्या लपवला. द्यायला पायजे होतं का, दादा?"

त्याला मी समजावलं होतं. घरच्या माणसाला बोलावून सांगावं, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

"न्हाई, बाई," मी म्हणालो. "केलंत ते बरोबर केलंत."

"लई घोर लागलता," ती म्हणाली. पदरानं तोंड पुसलं आणि फाटकाकडे चालू लागली.

डॉक्टरसाहेब आतून ऐकत होते. मराठी त्यांना आता चांगलं कळत होतं. मी आत गेलो तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.