कडेनं चला, मागनं बॅग येतेय

आई ताईबरोबर परदेशी गेली आणि तिरुचीच्या विमानतळावरनं मी तंजावूरला परत आलो, तो एक रिकामी बॅग घेऊन. साधी नव्हे. बॅटरीवाली, वर बसून चालवायची. ताईनं येताना आणलेली. जाताना काउंटरवरची बाई म्हणाली, बॅटरी काढून दाखवा. ती काही निघेना, म्हणून बॅग विमानात घेईनात. मग तिथंच फरशीवर बसून सगळे कपडे आणि लोणच्याची बरणी दुसऱ्या बॅगेत कोंबली. ताईला बाळ व्हायचं होतं, आई सहा महिन्यांनी येणार होती. बसमध्ये बॅग माझ्या शेजारच्या सीटवर. कंडक्टर म्हणाला, "ही कुठं उतरणार?" मी त्याच्याच आवाजात म्हटलं, "ही कुठं उतरणार?" अख्खी बस हसली. मला काही हसू आलं नाही.

घरी राहिलो बाबा आणि मी. बाबांचं ऑफिस पापनाशमला, सकाळी सातला गेले की येतात एकदम जेवायलाच. मराठी बोलायची ती आई. बाबा दमले की तमिळवर येतात, आणि ते रोज दमतात.

मग मी बॅग काढली. संध्याकाळी राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत चालवायची, घरापासून कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानापर्यंत. गुडघे कानाशी, वेग म्हशीचा. त्यात आमच्याकडे रीत अशी की मोठं माणूस दिसलं की सायकलवरनं उतरायचं. बॅगेला ती रीत लागू आहे का, हे विचारायला आई नव्हती. म्हणून आपला उतरायचो. पहिल्या दिवशी कोपरा येईपर्यंत सात वेळा उतरलो. दारापुढच्या कोलमवरनं, म्हणजे रांगोळीवरनं, चाक न्यायचं नाही, म्हणून वळसे. कुत्र्यांना सुद्धा वाट दिली. शेजारची बाई ओट्यावरनं म्हणाली, "यापेक्षा चालत गेला असतास तर कॉफी पिऊन परत आला असतास!"

हॉर्न होता, पण तो पीं करायचा, कानात डास शिरल्यासारखा. त्यानं एका आज्जीच्या हातातली कोथिंबीर पडली. तेव्हापासून हॉर्न बंद. मी आवाज काढायला लागलो. नकला करणं हेच मला शाळेत आलं, बाकी काही आलं नाही. पोरींच्या मागनं सायकलवर इडियप्पम, तांदळाच्या शेवया, विकणाऱ्याचा भोंगा. कॉलेजच्या पोरांना कंडक्टर, "ओरम्, ओरम्!" म्हणजे कडेला व्हा. टुरिस्टांना गाइड. ज्याला जो आवाज ऐकून बरं वाटेल तो. लोक हसून बाजूला व्हायचे. मग पुढं जायचे. मी कोपऱ्यावर पोचलो की कॉफी पिऊन परत.

समोरच्या घरातले मामा, आमच्यासारखेच मराठी, तेवढे थांबायचे. ओरत्तनाडुच्या तालुका ऑफिसातनं रिटायर झालेले. मामी मागच्या वर्षी गेल्या. मामा रोज साडेपाचला फिरायला निघत, आणि मला रोज विचारत, "जेवलास का?" मी एक दिवस पोस्टमनच्या आवाजात, एक दिवस हेडमास्तरांच्या आवाजात सांगायचो, "जेवलो हो." दिवसभरातलं माझं मराठी म्हणजे एवढंच. आईचा फोन यायचा तेव्हा इकडे दुपार आणि ती झोपेत.

मामा चालायचे गल्लीच्या मधोमध. मामी असताना दारातनं ओरडायच्या, "अहो, कडेनं! कडेनं चला!" लहानपणापासून मी खिडकीतनं ते ऐकलेलं.

त्या दिवशी मी मागनं येत होतो. मामा मधोमध. उतरायचं होतं, पण उतार होता आणि बॅग थांबेना. तोंडातनं निघून गेलं. मामींच्या आवाजात. "अहो, कडेनं! कडेनं चला!"

मामा कडेला झाले.

लगेच, पायाला सवय असावी तसे. भिंतीला हात लावून उभे राहिले. मागं वळून बघितलं नाही. मी त्यांच्या शेजारनं निघून गेलो, थांबलोसुद्धा नाही. कोपऱ्यावर जाऊन बघितलं तर गल्लीत ते नव्हते.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मामा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी बॅग दारात लावून बसलो. चार दिवस मला कुणी जेवलास का विचारलं नाही. खरं सांगायचं तर मी नीट जेवलोही नव्हतो.

पाचव्या दिवशी त्यांच्या दाराशी गेलो. गल्ली ओलांडताना ठरवत होतो, कुठल्या आवाजात माफी मागू. हेडमास्तर? पोस्टमन? कडी वाजवली.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

रोज भेटणारा माणूस, पण माझा आवाज त्यांनी ऐकला होता कुठं? "समोरचा, मामा. बॅगवाला."

दार उघडलं. दाढी वाढलेली.

"मामा, चुकलं माझं."

"चुकलंच." आत जाऊन खुर्चीत बसले. मला बस म्हणाले नाहीत. "ती तीनदा म्हणायची. दोनदा म्हटल्यावर मी कुठला सरतोय!"

"पण तुम्ही सरलात."

"हो. सरलो." मग म्हणाले, "तो आवाज परत काढायचा नाही."

"नाही काढणार."

"आणि माझ्यामागं ते पीं पण नको."

"मग काय करू?"

"थांब की लेका मागं. तुला कुठं ऑफिस गाठायचंय?"

त्याच दिवशी साडेपाचला मामा बाहेर पडले. मधोमधनंच. मी बॅगेवरनं उतरलो आणि ती ओढत मागनं चालायला लागलो. दगडांवरनं चाकं खडखडत होती, म्हणजे मी मागं आहे हे त्यांना कळत होतं. कोपऱ्यापाशी ते थांबले, न वळता म्हणाले, "जेवलास का?"

"नाही, मामा," मी म्हटलं, आणि पुढं काही नक्कल सुचली नाही.