सेव्हिलमधली ओंजळ

मी वाकलो, गुडघे टेकले आणि ओंजळ पुढं केली. स्पेनमध्ये. सेव्हिल शहरात, घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात. बाई पाण्याचं मातीचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. माझ्या मागं सोबतचा मुलगा हसला.

सप्टेंबर होता, ऊन नागपूरसारखंच. शिष्यवृत्तीवर स्पॅनिश शिकायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. तो नागपूरच्याच धंतोलीचा, डॉक्टरचा मुलगा, माझ्या आधी वर्षभर आलेला. मला घ्यायला स्टेशनवर आला. आडनाव विचारलं, मी सांगितलं, तो "अच्छा" म्हणाला. तेवढंच. अख्ख्या शहरात मराठी कळणारे आम्ही दोघंच. तो नसता तर मी भिंतीशी बोललो असतो. म्हणून तो "अच्छा" मी गिळला. तो राहायचा त्याच घरात त्याच्या शेजारची खोली घेतली.

त्या भांड्याला तिकडे बोतीहो म्हणतात. आपल्या सुरईची जाडी बहीण. वर धरायला कडी, एका अंगाला बारीक तोटी. घरातले सगळे एकाच भांड्यातून पितात, म्हणून तोटीला तोंड लावायचं नाही. भांडं उंच धरायचं, मान मागं टाकायची आणि धार तोंडात सोडायची. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघं उन्हातून आलो, मी पाणी मागितलं. घरमालकीण कार्मेनबाईंनी भांडं उंच करून धार कशी पडते ते दाखवलं. वरून येणारी धार दिसली आणि माझं अंग आपोआप खाली गेलं.

हे अंगाला शिकवलं मावशीच्या गावानं. नागपूरबाहेर, मौद्याजवळ आहे. सुट्टीत जायचो. विहिरीला हात लावायचा नाही. पाटलीणबाई येईपर्यंत उन्हात बसायचं, मग गुडघे टेकून ओंजळ धरायची. ती वरून सोडेल तेवढं आपलं. आम्ही बौद्ध झालो, घरातले देव गेले, बाप नागपुरात गिरणीत लागला. विहीर मात्र तशीच राहिली. एकदा आई सोबत होती. तिनं माझी ओंजळ फटकन सोडवली. पाणी मातीत सांडलं.

"चाल गा. तहानेनं नाही मरत तू."

मी रडत रडत तिच्या मागं गेलो. तेव्हा मला राग आईचाच आला होता.

कार्मेनबाईंनी त्याला विचारलं, हा प्रार्थना करतोय का? तो म्हणाला, "कोस्तुम्ब्रे दे सु हेन्ते." कोस्तुम्ब्रे म्हणजे रीत, हेन्ते म्हणजे लोक. वर्गात नुकतेच शिकवलेले शब्द. त्याच्या लोकांची रीत. मग मराठीत, मला ऐकू जाईल असं, "जित्याची खोड, दुसरं काय."

त्याच्याहून जास्त राग मला माझ्या गुडघ्यांचा आला. एवढा समुद्र ओलांडला आणि हे अजून मौद्यातच. मी उठलो. स्पॅनिश मोडकंतोडकं, तरी बोललो.

"नो कोस्तुम्ब्रे. ओर्देन."

रीत नाही. हुकूम. बाईंना किती समजलं कोण जाणे. भांडं मात्र त्यांनी माझ्या हातात दिलं.

मी ते उंच धरलं. धार आधी नाकात गेली, मग शर्टावर. शेवटी तोंडात. पोटभर प्यालो. मग भांडं त्याच्यापुढं केलं.

"नको," तो म्हणाला. "तहान नाही."

जिना चढताना हाच म्हणाला होता, घसा कोरडा पडला. हाच गुत्त्यात अनोळखी लोकांच्या भांड्यातली दारू पितो, डुकराचं मांस मिटक्या मारत खातो. तिथं याचं काही बाटत नाही. माझ्या हातानं बाटतं.

"काहून?" मी विचारलं. "वरूनच तं प्यायचं आहे. तोंड कोण लावून राहिलं?"

इतके दिवस त्याच्यासमोर मी जपून पुस्तकी मराठी बोलत होतो. त्या दिवशी आईची बोली तोंडात आली. आवरली नाही.

"तू उगाच विषय वाढवतोस," म्हणून तो खाली उतरला. मी खिडकीशी गेलो. खाली चौकात सार्वजनिक नळ होता. धंतोलीचा डॉक्टरचा मुलगा त्याच्याखाली वाकून ओंजळीनं पाणी पीत होता.

दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशा थाटात तो दारात आला. चल, नदीकाठी फिरून येऊ म्हणाला. मराठी ऐकून क्षणभर माझं मन पाघळलंच. खोटं कशाला बोलू? मी आत जाऊन बोतीहो घेऊन आलो.

"आधी पाणी पी."

तो हसला. भांड्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं आणि एकटाच फिरायला गेला.

त्यानंतर तिथं असेपर्यंत मी कोणाशी मराठी बोललो नाही. जीभ जड झाली. झाली तर होऊ दे. माझ्या हातचं पाणी ज्याला चालत नाही, त्याच्याशी माझं बोलणं नाही. तिथं नाही, नागपुरातही नाही. आणि मावशीच्या गावच्या त्या विहिरीवर बादली मी सोडणार, दोर मी ओढणार. मला पाणी ओतायला कोणी येऊ नये.